भिंत शुक्रवारीच पडली!

मित्रांनो, मी एक जुना, खारावलेला रेडिओ आहे. किती जुना म्हणाल, तर माझ्या पाठीचे झाकण कधीच हरवले आहे, आवाज कमीजास्त करायची चकती एका रांगत्या बाळाने चघळून टाकली आहे, आणि माझ्या पोटात एवढे मीठ साचले आहे की त्यात दोन मासे सहज खारवता येतील. पण मला पाहून नाक मुरडू नका. एक वर्ष असे आले होते की सगळ्या जगात उलथापालथ चालली होती, आणि प्रशांत महासागरातल्या आमच्या मायाना बेटाच्या उत्तरेकडच्या गावात ती सगळ्यांत आधी सांगणारा मी होतो! ते वर्ष होते एकोणीसशे एकोणनव्वद.

माझा जन्म जपानमधला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी एका लांबलचक टेबलावर माझ्या तारा जोडल्या. तिथून मी गेलो हॅम्बुर्ग बंदरातल्या एका दुकानात. काचेआड बसून बसून मी अगदी कंटाळलो. लोक यायचे आणि माझ्या शेजारच्या चकचकीत भावंडांना उचलून न्यायचे. मग एके दिवशी उरिआम नावाचा खलाशी आत शिरला. आमच्या किरिबास म्हणजे किरिबाती देशातले तरुण जर्मन जहाजांवर नोकरी करतात, त्यांतलाच हा एक. त्याने मला उलटेसुलटे करून पाहिले आणि दुकानदाराला विचारले,

"हा लांबचं ऐकतो का?"

"किती लांबचं?"

"नकाशात नुसतं निळं दिसतं ना, तिथून."

दुकानदार हसला आणि मी विकला गेलो.

उरिआमने मला घरी आणले, बायकोच्या हाती दिले आणि दोन महिन्यांनी तो पुन्हा जहाजावर गेला. त्याच्या बायकोचे नाव नेई ताबेरा. 'नेई' हे आमच्याकडे बाईच्या नावाआधी मानाने लावतात. ताबेरा मिशनच्या शाळेत शिकली होती. तिला इंग्रजी चांगले समजायचे, आणि ही गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. नाहीतर मी तिथे घसा फोडून बोललो असतो आणि लोकांनी माझ्यावर सुके खोबरे वाळत घातले असते.

घर म्हणजे खांबांवर उचललेला चौथरा, वर केतकीच्या पानांचे छप्पर. भिंती नाहीत. मला एका खांबाला टांगले. ताबेराचा धाकटा दीर काबूरे रोज सकाळ-संध्याकाळ नीरा काढायला माडावर चढायचा. त्याने तांब्याची तार थेट माडाच्या शेंड्याला बांधली आणि तिचे दुसरे टोक माझ्या कानात खोचले. बापरे! त्या दिवशी मला ऑस्ट्रेलिया असे ऐकू आले, जसे शेजारच्या घरातले बोलणे. दिवसाउजेडी मी जरा खरखरायचो, ते मान्य करतो. माझे सेल संपत आले की ताबेरा ते काढून उन्हात, मासळीच्या शेजारी वाळत घालायची. त्यामुळे माझ्या अंगाला कायम सुक्या मासळीचा वास यायचा. असो!

आमच्याकडे नीरा काढणाऱ्याने माडावर चढल्यावर गाणे म्हणायचे असते, म्हणजे खालच्या घरांतल्या लोकांना कळते की वर माणूस आहे. काबूरेला गाणी दोनच यायची. लोक त्यांना विटले होते. मग त्याने बातम्यांनाच चाल लावली! ताबेरा माझे बोलणे ऐकून आपल्या भाषेत सांगायची, दिवस, तारीख आणि वेळ घालून एका वहीत लिहायची, आणि काबूरे ते वरून गाऊन गावभर करायचा.

आता मुख्य गोष्ट. आमच्या बेटावर नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या दिवसांत उत्तरेचे गाव आणि दक्षिणेचे गाव मानेआबात एकत्र जमतात. मानेआबा म्हणजे गावाचे मोठे सभागृह. तिथे प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते. नाच होतात, जेवणे होतात, आणि शेवटी वर्षभरात जगात काय घडले यावर प्रश्नांची लढत होते. दोन्ही गावांचा एकेक माणूस उत्तराच्या चटईवर बसतो. आमचे गाव तीन वर्षे सलग हरले होते. कारण अगदी साधे. चटईवर बसायचे पुरुष, आणि बातम्या ऐकलेल्या असायच्या ताबेराने. ती त्यांना सांगायची, ते अर्धे विसरायचे आणि उरलेले अर्धे एकमेकांत कालवायचे.

त्या वर्षीच्या जानेवारीतच ताबेराने गावचे वडीलधारे बाउरो यांना विचारून टाकले.

"आजोबा, यंदा चटईवर मी बसू?"

बाउरोंनी नीरेचा घोट घेतला. "बाई कधी बसली नाही तिथे."

"म्हणून तर आपण हरतो."

"जीभ फार चालते तुझी." मग ते म्हणाले, "वर्ष जाऊ दे. काय काय ऐकतेस ते बघतो आणि मग सांगतो."

झाले! त्या दिवसापासून ताबेराचा कान आणि माझे तोंड एकमेकांपासून हलले नाहीत.

आणि वर्ष तरी कसले निघाले! पहिल्याच आठवड्यात जपानचा सम्राट गेला. ते ऐकून बाउरोंनी हातातली नीरा खाली ठेवली. "लढाईच्या वेळी मी सतरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "याच्या शिपायांनी आम्हाला शेजारच्या तारावा बेटावर नेऊन माड तोडायला लावले. तो कधी मरेल असं मला वाटलंच नव्हतं." मग ते उठून आपल्या माडांमध्ये गेले.

मार्चमध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर तेलाचे जहाज फुटले आणि समुद्र काळा झाला. मासे साफ करणाऱ्या बायकांचे हात तिथल्या तिथे थांबले. जूनमध्ये मी बीजिंगच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्याची बातमी सांगितली. ती लिहिताना ताबेराच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या संध्याकाळी काबूरे माडावर गायला नाही, नुसता खोकत राहिला.

पण ऑगस्ट! मित्रांनो, ऑगस्टची आठवण आली की अजून माझ्या तारांना मुंग्या येतात. बारा वर्षे प्रवास करत असलेले एक यान नेपच्यून ग्रहाजवळ पोचले. तिथून त्याचा आवाज पृथ्वीवर यायला चार तास लागायचे, आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठमोठ्या तबकड्या तो ऐकत होत्या. इतक्या दुरून, इतक्या बारीक आवाजात बोलणारे ते यान म्हणजे माझ्याच जातीचे की नाही? त्या आठवड्यात मी भलताच भाव खाल्ला. काबूरेने विचारले, "वहिनी, तिथे मासे असतील का गं?" ताबेरा म्हणाली, "वादळं आहेत म्हणे, आपल्याकडे होतात त्याहून मोठी." काबूरेला ते ऐकून बरे वाटले. आपल्यापेक्षा वाईट हवा कुठेतरी आहे, याचा आनंद त्याने संध्याकाळभर गाऊन दाखवला.

ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला. आणि मग नोव्हेंबर आला.

तो शुक्रवार होता, दहा नोव्हेंबर. सकाळचे साडेदहा वाजले असतील. ताबेरा चटई विणत होती. मी खरखरत होतो, कुरकुरत होतो, आणि एकाएकी माझ्या तोंडून माणसांचा गलका फुटला. बर्लिन शहराला मधोमध कापणारी भिंत उघडली होती! लोक या क्षणी भिंतीवर चढताहेत, असे निवेदक ओरडून सांगत होता. मागे मोटारींचे भोंगे वाजत होते. एक बाई रडता रडता हसत होती. तेवढ्यात माझी खरखर वाढली आणि आवाज तुटला. ताबेराच्या हातातली केतकीची पट्टी गळून पडली.

"काबूरे! अरे ती भिंत पडली!"

काबूरे धावत आला. "कुणाच्या घराची?"

"घराची नाही रे, शहराची. जर्मनीतली. उरिआमची जहाजं लागतात ना, त्याच देशातली."

"शहराला भिंत कशाला?"

"माणसांनी पलीकडे जाऊ नये म्हणून."

काबूरेने समुद्राकडे बोट केले. "मग पोहून नाही जायचं?"

ताबेरा इतकी हसली की तिला वहीत धड लिहिताही येईना. पण तिने लिहिले. वार, तारीख, वेळ, सगळे लिहिले. कशाला खोटे बोलू, आनंदाने माझा काटा थरथरत होता.

डिसेंबरमध्ये बाउरोंनी ताबेराची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेतली. मग वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ते म्हणाले, "जिने ऐकलं, तीच सांगेल." दोघेतिघे कुरकुरले. "ठीक आहे," त्यांतला एक म्हणाला, "पण तिने तोंडघशी पाडलं, तर पुन्हा कुठल्याही बाईचं नाव या चटईसाठी काढायचं नाही." बाउरोंना हे कबूल करावे लागले. ताबेराला तिची जागा मिळाली, पण एवढ्या मोठ्या बोलीवर.

लढतीच्या दिवशी मानेआबा खचाखच भरला होता. नीरफणस भाजल्याचा वास दरवळत होता. प्रश्न विचारायला इओआने मास्तरांना बसवले होते. नव्या वर्षात शाळा सांभाळायला ते पंधरा दिवसांपूर्वीच मालवाहू जहाजाने आले होते. ना उत्तरेचे, ना दक्षिणेचे, म्हणून पंच. प्रश्न त्यांनी स्वतःच्या वहीतून काढले होते, कारण तेही माझ्यासारख्याच एका रेडिओचे भक्त. दक्षिणेकडून चटईवर बसला मोआनाता, वीस वर्षे जहाजावर काढलेला, पोट सुटलेला, जिभेला धार असलेला माणूस.

ताबेराने मला बरोबर आणून मांडीशी ठेवले होते. माझे सेल मात्र घरी उन्हात वाळत होते! म्हणजे सगळे दिसत होते आणि बोलता काही येत नव्हते.

प्रत्येकाला सहा प्रश्न. मोआनाताने पाच बरोबर सांगितले, एक चुकवला. ताबेराने सम्राट सांगितला, तेल सांगितले, बीजिंग सांगितले, नेपच्यून सांगितला, भूकंप सांगितला. पाचच्या पाच! प्रत्येक उत्तराला आमच्या बायका चटया बडवत होत्या. आता एकच उरला. तो बरोबर आला तर आम्ही जिंकणार. चुकला तर बरोबरी, आणि बरोबरीत मान गेल्या वर्षी जिंकलेल्यांकडेच राहतो, म्हणजे दक्षिणेकडे.

मास्तरांनी वही उघडली. "बर्लिनची भिंत उघडली तो वार कोणता आणि तारीख कोणती?"

मला वाटले, संपले, जिंकलो!

"शुक्रवार, दहा नोव्हेंबर," ताबेरा म्हणाली. "सकाळी साडेदहाच्या सुमाराला."

मास्तरांनी वहीवर बोट ठेवले. मान हलवली. "चूक. गुरुवार, नऊ नोव्हेंबर."

दक्षिणेकडून अशी आरोळी उठली की छपरातल्या पाली पडल्या. मोआनाता मांडीवर थाप मारून ओरडला, "ताबेराबाई, रेडिओला जरा कमी माडी पाजत जा! एक दिवस झोपूनच काढतो तो!" माझ्या जिवाला तो टोमणा अजून बोचतो. आमच्या बाजूच्या ज्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली होती, ते बाउरोंकडे बघू लागले.

ताबेरा खाली बघत होती. मग तिने मान वर केली. "मास्तर, मी माझ्या कानांनी ऐकलंय."

पंचाचा शब्द खोडणे ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. खोडणारा खोटा ठरला, तर त्याच्या घराला वर्षभर मानेआबात बोलता येत नाही. आनंदाचे असो, दुःखाचे असो, त्या घराने नुसते बसायचे.

"पोरी," बाउरो हळूच म्हणाले, "नियम माहीत आहे ना? उरिआम पण नाही घरी."

"माहीत आहे, आजोबा."

मास्तरही तांबडे झाले. "मीही माझ्याच कानांनी ऐकलंय. जेवत होतो. साडेबाराची वेळ. त्याच वेळी लिहून ठेवलं, हे बघा." त्यांनी वही सगळ्यांकडे वळवली. वही खरी होती. माणूस खोटा वाटत नव्हता. आणि ताबेराचीही वही खरी होती. आता काय करायचे? दोघांपैकी एक जण लबाड आहे, असे म्हणायची वेळ आली होती, आणि कोणाच्याच तोंडून ते निघत नव्हते. मी तर मनातल्या मनात किंचाळत होतो. शुक्रवार! शुक्रवार! शुक्रवार!

ताबेराने विचारले, "मास्तर, निवेदक काय म्हणत होता?"

"हेच, की लोक या क्षणी भिंतीवर चढताहेत."

"मागे काही ऐकू येत होतं?"

"मोटारींचे भोंगे. आणि एक बाई..."

"रडता रडता हसत होती?"

मास्तर चमकले. "हो! अगदी! आणि पुढे ऐकणार तोच..."

"खरखर झाली आणि आवाज तुटला."

"तिथेच तुटला!"

"म्हणजे आपण दोघांनी एकच बातमी एकाच क्षणाला ऐकली," ताबेरा म्हणाली. "मी विणत होते, तुम्ही जेवत होतात. मास्तर, तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? माझ्या घरी. किरिसमस बेटा..."

मास्तर तिथेच अडकले. त्यांचा हात कपाळावर गेला.

आणि पहिला हसला मोआनाता! आधी त्याचे पोट हलले, मग खांदे, मग सगळा मोआनाता. "अरे देवा! रेघ! अरे, ती रेघ!"

मित्रांनो, तुम्हाला सांगतो. किरिसमस बेट आमच्याच देशाचे, पण पूर्वेला इतके लांब की जहाजाने जायला कैक दिवस लागतात. आमच्या आणि त्यांच्या मधून समुद्रात एक न दिसणारी रेघ जायची. दिवस बदलण्याची रेघ. देश एक, झेंडा एक, पण आमचा शुक्रवार असला की त्यांचा गुरुवार, आणि वर त्यांचे घड्याळ आमच्यापुढे दोन तास! त्या वर्षी हे असेच होते, पुढे काही वर्षांनी ती रेघ सरकवली. हे सगळ्यांना ठाऊक होते, मास्तरांना तर मुलांना शिकवायला होते. पण वहीत जे एकदा लिहिले, ते कुठे बसून लिहिले हे कोणाच्या लक्षात राहते?

"मी एकदा त्या रेघेवरून जाताना दोन रविवार पाळलेत," मोआनाता डोळे पुसत म्हणाला. "कप्तानाने एकाच रविवारची भरपगारी सुट्टी दिली, मेल्याने! मास्तर, बाई बरोबर सांगतेय. आमचं गाव हरलं तरी चालेल, पण बाई बरोबर आहे."

इओआने मास्तर चटईवरून उठले, वाकले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी. पंधरा दिवस झाले इथे येऊन, पण माझी वही अजून तिकडेच आहे."

तेवढ्यात दक्षिणेकडून कोणीतरी हटकले, "पण बर्लिनात तेव्हा गुरुवारची रात्र असेल की!" पुन्हा गलका सुरू झाला. बाउरोंनी हात वर केला.

"प्रश्न कुठे विचारला? मायानाच्या मानेआबात. मग दिवसही मायानाचाच. शुक्रवार."

पुढे जे झाले ते मला नीट सांगता येत नाही, कारण बायकांनी मला उचलून डोक्यावरून फिरवले आणि मी दोनदा खाली पडता पडता वाचलो. तीन वर्षांनी आम्ही जिंकलो होतो! ताबेरा रडत होती आणि हसत होती, अगदी त्या बाईसारखी. आवाज जरा खाली आल्यावर बाउरो तिला म्हणाले, "उरिआमला पत्र लिही. म्हणावं, परत आलास की मानेआबात बायकोच्या मागे बस. पुढची जागा गेली." यावर ते कुरकुरे म्हातारेसुद्धा हसले, आणि हसलेल्या माणसाला पुन्हा कुरकुरता येत नाही.

काबूरे मात्र कुठे दिसेना. मग सगळ्यांना ऐकू आले. नीरेची वेळ नसताना, भर दुपारी, तो माडाच्या शेंड्यावर चढून गात होता, "भिंत शुक्रवारीच पडली! भिंत शुक्रवारीच पडली!"

त्यानंतर मी आणखी कितीतरी वर्षे बोललो. मग नवे रेडिओ आले, मग हातात मावणारे फोन आले. कोणीतरी माझ्यात सेल तसेच विसरले, ते फुटले आणि त्यांच्या पाण्याने माझे आतडे खाऊन टाकले. त्याचा मला राग नाही असे म्हणणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर तेवढी काळजी घ्या. काम झाले की सेल काढा, खारे वारे सुटले की पुसून ठेवा. आम्ही फार काही मागत नाही.

आता माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. ताबेराचे केस पांढरे झाले आहेत. तिने मला मानेआबाच्या एका खांबावर खुंटीला टांगून ठेवले आहे. नाताळ झाला की ती चटईवर बसते, गावाच्या वतीने बोलते, आणि ती बोलायला लागली की सगळा मानेआबा ऐकतो. उरिआम मागे बसून मान डोलावतो. मीही ऐकतो. जन्मभर मी बोलत होतो आणि ती ऐकत होती, आता उलटे झाले आहे, आणि खरे सांगू, मला हेच जास्त आवडते. तेव्हा कधी सभागृहाची साफसफाई काढलीत, तर माझ्यावरची धूळ झटका, जाळी काढा, पण मला या खुंटीवरून हलवू नका. इथून तिचा आवाज अगदी स्वच्छ येतो.